आधी आवाज ऐक

रायपूरच्या गोल बाजारात मावशीबरोबर भांडी घ्यायला जायचे म्हणजे सकाळ गेलीच समजायची. छत्तीसगडात लग्नात मुलीला काशाची भांडी देण्याची रीत आहे आणि तात्यापाऱ्यात जन्म काढलेल्या माझ्या मराठी मावशीने ती केव्हाच आपलीशी केली आहे. दुकानदार वाटी पुढे करतो. मावशी ती घट्ट धरत नाही. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर अलगद तोलते आणि उजव्या हाताच्या पेराने काठावर हलकेच ठोकते. नाद लांबला तर वाटी आपल्या बाजूला, फाटका आला तर परत. मी एकदा वाटीवरची नक्षी न्याहाळत होतो, तर म्हणाली, "अरे, नक्षी काय बघतोस? आधी आवाज ऐक." मग पुन्हा ठोकून तिने वाटीला तळवा लावला. नाद जागीच विझला.

त्याच आठवड्यात शहराबाहेर रावांभाठ्याच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका मिस्त्रीला मी तेच करताना पाहिले. त्याच्यासमोर वाटी नव्हती, ट्रकचे खडखडणारे बॉनेट होते. ड्रायव्हर पाना घेऊन खटक्याकडे वळला, तसे त्याने हात आडवा घातला. म्हणाला, "कसना बाद में, पहले सुनो." मग बॉनेटच्या पत्र्यावर मधोमध, कडेला, बिजागरीजवळ असे पेराने ठोकत गेला आणि दर ठिकाणी कान लावत गेला.

गोल बाजारात असले अवजड ट्रक येत नाहीत. पूजेचे साहित्य, मसाले, जडीबुटी, लग्नाचे सामान आणि भांडी यांच्या गोलाकार गल्ल्यांत हातगाडीलासुद्धा वाट मागून घ्यावी लागते. पण त्या दुकानांतला बहुतेक माल कधी ना कधी ट्रकच्या पाठीवरून आलेला असतो. हजिराहून निघून सुरत, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, राजनांदगाव, दुर्ग असे करत राष्ट्रीय महामार्ग ५३ रायपुरात येतो आणि पुढे पारादीपच्या बंदराकडे जातो. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले, तरी विदर्भातल्या जुन्या लोकांच्या तोंडी हा रस्ता अजून 'सहा नंबर'च आहे. टाटीबंध चौकात उभे राहिले तर या रस्त्यावर काय वाहते ते कळते. उरला आणि सिलतरा इथले स्पंज आयर्न, रोलिंग मिलमधल्या सळ्या, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेल्या भिलाईचे पोलाद, शिवाय कोळसा, सिमेंट, धान. आकाराने लहान आणि वजनाने भारी असा हा माल. तो ट्रकच्या सांगाड्याची जितकी परीक्षा घेतो, तितकी कापूस किंवा कपडा घेत नाही.

आता बॉनेट म्हणजे नेमके काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागते, कारण आपल्याकडे त्या शब्दाने जागा बदलली आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी धावली. ती बेडफर्ड होती आणि तिचे नाक पुढे होते. नंतर नाक गेले, इंजिन आत आले आणि 'बॉनेटवर बसून आलो' या वाक्याला अर्थ मिळाला: ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या झाकणावर मांडी भाजून घेत केलेला प्रवास. ट्रकचेही तेच झाले. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला जे ट्रक बांधायला सुरुवात केली, ते लांब नाकाचे होते. टेल्कोची जडणघडण ज्या सुमंत मुळगावकरांच्या हाताखाली झाली, त्यांच्या नावाची आद्याक्षरे पुढे 'सुमो' गाडीत उतरली. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकवरची बेंझची तारा जाऊन 'टी' आला, पण नाक बरीच वर्षे टिकले. नंतर 'एसई', म्हणजे सेमी-फॉरवर्ड ट्रक आले. त्यांत अर्धे इंजिन केबिनमध्ये आणि अर्धे बाहेर छोट्या बॉनेटखाली असते. मिस्त्रीसमोर उभा होता तो असाच १६१३. पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, १६ टन. पुढचे दोन ताकदीचे, साधारण १३० अश्वशक्ती.

नाक का गेले, तर लांबीच्या कायद्यामुळे. आपल्याकडे आणि युरोपात वाहनाची एकूण लांबी मोजतात, म्हणून नाकाला दिलेला प्रत्येक फूट मालातून वजा होतो. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने मुख्य महामार्गांवर फक्त मागच्या ट्रेलरची लांबी धरायचे ठरले, म्हणून तिथे भलीमोठी बॉनेटे आजही मिरवतात. आपल्या सपाट तोंडाच्या ट्रकला बाहेर बॉनेट नसले, तरी समोरचा उघडणारा फ्लॅप असतो आणि सबंध केबिन पुढे कलते. पुढे जे सांगणार आहे ते त्या दोघांनाही लागू पडते.

बॉनेट खडखडले की माणसाच्या मनात पहिली गोष्ट येते ती 'सैल झाले' आणि दुसरी 'आवळा'. या ड्रायव्हरनेही खटका दोनदा आवळला होता. दोन दिवस आवाज थांबला आणि तिसऱ्या दिवशी जास्त जोराने परत आला. हे असे का होते, ते समजायला बॉनेट सोडून खाली वाकून चॅसी पाहावी लागते.

ट्रकची चॅसी शिडीसारखी असते. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या. तुळईचा छेद बंद पेटीसारखा नसतो, एका बाजूने उघड्या पन्हळीसारखा असतो. हा फरक घरी करून बघता येतो. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळा, हलत नाही. तीच नळी लांबीने एका रेषेत चिरा आणि पुन्हा पिळा, सहज पीळ खाते. गणित सांगते की ५० मिलिमीटर त्रिज्येची आणि ५ मिलिमीटर जाडीची नळी चिरली, तर पिळाला विरोध करण्याची तिची ताकद सुमारे ३०० पटींनी घटते. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढेच, फक्त एक चीर.

ही चीर चॅसीत मुद्दाम ठेवलेली असते. डावे पुढचे चाक खड्ड्यात आणि डावे मागचे चाक उंचवट्यावर असेल, तेव्हा चौकटीने पीळ खाल्ला तरच चारही बाजूंची चाके जमिनीला टेकून राहतात. न वाकणारी चौकट एक चाक हवेत धरेल, नाहीतर स्वतः तडकेल. म्हणून तिचे बहुतेक सांधे रिव्हेटचे आणि बोल्टचे असतात. तिला वाटेल तिथे वेल्डिंग करायची नाही, हे शहाण्या मिस्त्रीला पाठ असते. तर अशा पिळणाऱ्या शिडीवर पुढे रेडिएटर उभा आहे, मागे केबिन आहे आणि या दोघांमध्ये बॉनेट बसवलेले आहे. रस्ता वाकडा झाला की रेडिएटर एकीकडे कलतो आणि केबिन दुसरीकडे. मधल्या पत्र्याने करायचे काय?

त्याने तरंगायचे. ट्रकच्या बॉनेटभोवती बोटभर फट असते, ती गचाळ कामाची खूण नाही. चॅसीला पीळ खायला दिलेली ती जागा आहे. मोटारीच्या बॉनेटची फट कागदासारखी बारीक दिसते, कारण मोटारीचे अंग एकसंध पेटीसारखे ताठ असते. ट्रकला तशी फट द्यायला गेलात, तर पहिल्याच खड्ड्यात पत्रा पत्र्यावर आपटेल. म्हणून बॉनेट बरोबर बसवणे म्हणजे ते हलू शकेल अशी जागा ठेवणे, आणि हलताना ते धातूला न लागता रबरालाच लागेल अशी तजवीज करणे. खटका आवळला की तो बॉनेट एका ठिकाणी खाली ओढतो. तिथले रबर चिरडते, बाकीच्या ठिकाणी पत्रा उचलला जातो आणि सगळ्या पिळाचा ताण त्या एका जागी येतो. दोन दिवसांत रबर बसते आणि आता तर खटकाही वाकलेला असतो. ड्रायव्हरच्या तिसऱ्या दिवसाचा हिशोब हा असा.

म्हणून आधी ऐकायचे. या बाबतीत मराठी कानाकडे मोठी शिदोरी आहे, कारण आपल्या भाषेने आवाज फार बारकाईने वेगळे केले आहेत. मिस्त्री हिंदी-छत्तीसगढीत बोलत होता, मी मनात मराठी शब्द लावत गेलो आणि दर शब्दाला एक कारण सापडत गेले. 'भणभण' हा पातळ पत्र्याचा स्वतःचा आवाज. बॉनेटच्या वरच्या पत्र्याखाली आधाराच्या पट्ट्या असतात आणि दोन्हींमध्ये चिकट लगद्याचे ठिपके दिलेले असतात. ते वाळून सुटले की वरचा पत्रा मोकळा होतो आणि मावशीच्या बोटांवर तोललेल्या वाटीसारखा नादू लागतो. 'टकटक' म्हणजे धातू धातूला लागतोय, बहुतेक वेळा खटका किंवा जिथले रबर गळून पडले आहे असा टेकू. 'खुळखुळ' आली तर एखादा नट किंवा वायसर सुटून पोकळ भागात पडला आहे. 'थडथड' सावकाश येते, दर खड्ड्याला एकदा, आणि तिचा अर्थ सबंध बॉनेट उचलून खाली आपटते आहे. 'कुरकुर' मात्र वेगळ्या जातीची. इथे रबर आहे, पण कोरडे पडले आहे. ते रंगलेल्या पत्र्याला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. व्हायोलिनची तार गजाखाली ज्या रीतीने बोलते, त्याच रीतीने. तिथे सिलिकॉन ग्रीस किंवा नुसती शंखजिऱ्याची पूड पुरते. डिझेल किंवा इंजिन ऑइल लावले, तर आवाज आज थांबतो आणि रबर महिन्याभरात फुगून भुसभुशीत होते.

दुसरा प्रश्न, आवाज केव्हा येतो. उभ्या ट्रकमध्ये गिअर न टाकता हळूहळू अॅक्सिलरेटर दाबला आणि ठराविक फेऱ्यांवरच आवाज आला, तर चोर इंजिनाच्या बाजूला आहे. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर संथ फिरते, तेव्हा सेकंदाला ३० स्फोटांचे धक्के देते. १४०० फेऱ्यांवर ७०. बॉनेटच्या पत्र्याची स्वतःची थरथर यातल्या एखाद्या आकड्याशी जुळली की त्या आकड्यापुरता तो भणभणतो आणि पुढे गेले की गप्प बसतो. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला धक्काच तो. चालत्या ट्रकची गोष्ट निराळी. 'दहा-वीस' मापाच्या टायरचा घेर साधारण ३.३ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला पाच वेळा फिरते. चाकाचा तोल गेला असेल, तर धक्के या संथ तालात येतात. वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि आवाज बदलला नाही, तर इंजिन निर्दोष. ही एवढी चाचणी करायला पाच मिनिटे लागतात आणि तिने दिवसभराची खोलाखोल वाचते. मला तर वाटते, ड्रायव्हरने गॅरेजमध्ये पाऊल टाकण्याआधी हे उत्तर घेऊनच यावे.

थाळीवर वाळू पसरून तिच्या कडेला व्हायोलिनचा गज फिरवला, तर वाळू सरकत सरकत सुंदर आकृत्यांत जमते, हे जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नीने १७८७ साली पुस्तकात मांडले. जिथे वाळू थांबते तिथे पत्रा हलत नाही. याचा मिस्त्रीच्या कामाला सरळ उपयोग आहे. न हलणाऱ्या रेषेवर कितीही रबर चिकटवले तरी ते फुकट, जो भाग सर्वांत जास्त थरथरतो तिथेच ते लावायचे. मिस्त्री वाळू पसरत नाही. तो इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून लांब राहून, बंद बॉनेटवर वरून तळवा ठेवत जातो. ज्या जागी तळवा ठेवल्यावर आवाज मरतो, ती जागा खडूने खूण करून ठेवायची.

डोळ्यांनाही काम असते. रंग घासून चकाकी आलेली जागा म्हणजे तिथे धातू धातूला लागतो आहे. बोल्टच्या डोक्याभोवती लालसर तांबूस भुकटी दिसली, तर तो बोल्ट बाहेरून घट्ट वाटला तरी आतून घासतो आहे. ही भुकटी म्हणजे घर्षणाने झिजलेल्या लोखंडाचा गंजच, आणि ती पुसून टाकायच्या आधी नीट पाहून घ्यावी. धुतलेल्या ट्रकवर हा पुरावा राहत नाही, म्हणून आवाज शोधण्यापूर्वी ट्रक धुऊ नये.

मग बसवण्याचे काम. पावसाळ्यात दार चौकटीला घासायला लागले, तर उतावळा माणूस रंधा काढतो आणि जुना सुतार आधी बिजागरी पाहतो, मग चौकट काटकोनात आहे का ते. बॉनेटलाही हाच क्रम लागतो. ट्रक आधी सपाट जमिनीवर उभा करायचा, पुढच्या दोन्ही टायरांत हवा सारखी. एक चाक दगडावर असेल तर चॅसी पिळलेलीच असते, आणि त्या स्थितीत सारखी केलेली फट रस्त्यावर गेल्याबरोबर वाकडी होणार. चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे. नंतर पाहायचे ते केबिनचे बुश. केबिन चॅसीवर रबरी बुशांवर बसलेली असते. एका बाजूचा बुश दबला की केबिन त्या बाजूला झुकते आणि पाहणाऱ्याला वाटते बॉनेट वाकडे आहे. आमच्या ट्रकची डावी फट उजवीपेक्षा जास्त होती ती याच कारणाने. बॉनेटला हात लावायची गरजच नव्हती. बुशानंतर रेडिएटरचे टेकू आणि त्यानंतर बिजागऱ्या.

बिजागरीचा बोल्ट सोडण्याआधी तिच्या कडेने खडूची रेघ मारून ठेवायची, म्हणजे परतीची वाट उरते. बोल्ट काढायचे नाहीत. पत्रा ढकलल्यावर जेमतेम सरकेल इतकेच सैल करायचे. भोके लांबट असतात ती याचसाठी. फट मोजायला एकाच जाडीची लाकडी पट्टी चहूकडे फिरवायची, आणि बॉनेटच्या जागेचे दोन्ही कर्ण दोरीने मोजायचे. कर्ण सारखे नसतील, तर दोष बिजागरीत नसून खालच्या सांगाड्यात आहे. उंची कमी पडली तर बिजागरीखाली वायसर. त्यानंतर रबरी टेकूंची उंची, आणि खटका अगदी शेवटी. खटक्याने बॉनेट धरायचे, ओढायचे नाही. दुसरा सुरक्षेचा खटकाही याच वेळी पाहावा, कारण पहिला निसटला की वाऱ्याने बॉनेट उलटून काचेवर येण्यापासून तोच वाचवतो.

रायपूरचा उन्हाळा या हिशोबात धरावा लागतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो आणि इंजिनावरचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. दीड मीटर लांबीचा पोलादी पत्रा ५० अंशांनी तापला की जवळजवळ एक मिलिमीटरने वाढतो. थंडीत पहाटे अगदी काटेकोर बसवलेले बॉनेट मेच्या दुपारी घासते ते यामुळे.

रबराकडे आपण फारसे लक्ष देत नाही, आणि मला याचे खरोखर वाईट वाटते, कारण या सगळ्या खेळात राबणारे तेच आहे. पोलाद आणि कासे या दोघांचाही गुण असा की धक्का मिळाला तर तो फार वेळ आत खेळवत ठेवायचा. काशात तांबे साधारण ७८ टक्के आणि कथील २२ टक्के. ते घंटेसाठी वापरतात ते याच गुणामुळे. रबर उलट्या स्वभावाचे. धक्का घेतला की आतल्या आत उष्णतेत जिरवायचा. पण सगळी रबरे सारखी नाहीत. दारांच्या आणि काचांच्या कडेला असते ते ईपीडीएम ऊन, पाऊस, ओझोन सोसते, मात्र तेलाने फुगते. नायट्राइल तेल सोसते, मात्र उन्हात तडकते. बॉनेटखाली तेलही आहे आणि ऊनही, म्हणून जागा पाहून निवड करावी लागते. मिस्त्रीने आमच्या ट्रकच्या गळालेल्या टेकूच्या जागी तात्पुरता जुन्या ट्यूबचा तुकडा चौघडी करून घातला. याला जुगाड म्हणून हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ट्यूबसाठी वापरले जाणारे ब्युटाइल रबर दोन गोष्टींसाठी नावाजलेले आहे: हवा धरून ठेवणे आणि कंप जिरवणे. निवड अचूक होती. फक्त तेल लागले की ते टिकत नाही, म्हणून कायमचा टेकू नवाच घालायचा.

बोल्ट सैल का होतात, याचे उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दिले. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के फार घातक. सांधा आडवा सरकला की आट्यांतले घर्षण क्षणभर हरवते आणि नट स्वतःहून फिरतो. म्हणजे बोल्टला सरकूच द्यायचे नाही. तो पुरेसा ताणलेला हवा. नायलॉनची कडी असलेला नट किंवा दुहेरी नट त्यावर मदतीला. नायलॉनची कडी मात्र एक्झॉस्टजवळच्या उष्णतेत टिकत नाही.

हे सगळे आता जास्त महत्त्वाचे होणार आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. आजवर उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याच्या घोंघाटात अर्धे खडखडाट बुडून जात. काचा बंद झाल्यावर ड्रायव्हरला ते सगळे ऐकू येतील, आणि दिवसाचे दहा-बारा तास जो माणूस त्या आवाजात बसतो, त्याला शांतता मिळणे ही चैन मानू नये.

रावांभाठ्यात तिसऱ्या प्रहरी काम संपत आले. नवा बुश बसला, डावी-उजवी फट पट्टीला सारखी लागली. मिस्त्रीने वर्तमानपत्राची पट्टी फाडली, रबरी टेकूवर ठेवून बॉनेट लावले आणि पट्टी ओढली. ती अडकत अडकत आली, फाटली नाही. चारही कोपऱ्यांत तसेच. सहज निघाली असती तर रबर टेकलेलेच नाही, फाटली असती तर फार दाबले गेले. ड्रायव्हर एक फेरी मारून आला आणि काही न बोलता मान हलवली. मिस्त्रीने बॉनेटच्या मधोमध पेराने ठोकले. 'भद्द' असा बुटका आवाज आला आणि तिथेच संपला. गोल बाजारात अशी वाटी मावशीने तत्काळ परत केली असती. इथे मिस्त्रीने पाना पेटीत टाकला आणि हात धुवायला पाणी मागितले.